थांबेकर

डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक तरुण राहतो. त्याचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे. पण ते पोस्टमनखेरीज कुणी वापरत नाही. इमारत त्याला थांबेकर म्हणते. हे आडनाव वडिलोपार्जित नाही, त्याने स्वकष्टाने मिळवलं आहे. २०१८ साली त्याने गेम खेळण्यासाठी पीसी जुळवला. पैसे संपत आले म्हणून ग्राफिक्स कार्ड तेवढं 'तात्पुरतं' घेतलं : जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबी. तेव्हापासून दर दिवाळीला तो ते बदलणार असतो, आणि दर दिवाळीला विचारलं की म्हणतो, "थांबा हो काका, जानेवारीत किमती पडतायत."

मला सुरुवातीला हे कार्ड म्हणजे रेशनकार्डाचा प्रकार वाटला होता. बरीच वर्षं मिळत नाही म्हणजे साहेबाच्या सहीसाठी अडलं असणार, असा माझा हिशेब. अकरावीतल्या माझ्या चिरंजीवाने डोक्याला हात लावून समजावलं, की पडद्यावरचं चित्र काढणारा तो एक स्वतंत्र कारखाना असतो, आणि कारखाना जितका मोठा तितका गेम देखणा. त्यानेच थांबेकर ओळखायची खूणही सांगितली. "बाबा, ज्याच्याकडे चांगलं कार्ड असतं तो गेमबद्दल बोलतो. ज्याला घ्यायचं असतं तो कार्डाबद्दल बोलतो."

थांबेकर एका पतपेढीत कर्जविभागात आहे. दिवसभर लोकांच्या परतफेडीची क्षमता तपासतो, त्यामुळे स्वतः हप्त्यावर टाचणीसुद्धा घेत नाही. कपाटात आईच्या साड्यांखाली त्याचं एक खाकी पाकीट असतं. त्यात वीस हजार रुपये आणि पाकिटावर बॉलपेनने लिहिलेलं एकच अक्षर : 'का'. म्हणजे कार्ड. आईंचा समज असा, की 'का' म्हणजे काशी. मुलगा गाजावाजा न करता आपल्या यात्रेसाठी साठवतोय, या कौतुकाने त्या पाकिटाला कधी हात लावत नाहीत आणि दर पावसाळ्यात त्यात डांबराची गोळी टाकतात.

बजेट वीस हजार, जीएसटीसकट. हा 'सकट' त्याला फार लागतो. "वीस हजारांच्या कार्डात सरकारचे किती, सांगा. अठरा टक्के. म्हणजे तीन हजार पन्नास रुपये पंच्याऐंशी पैसे." पंच्याऐंशी पैसे उच्चारताना त्याचा आवाज कापतो.

खर्चाचे कागद तो पतपेढीच्या जुन्या, बाद झालेल्या कोऱ्या अर्जांच्या पाठीवर करतो. असा एक कागद मी पाहिलेला आहे. सुरुवात साधी : आरएक्स ६६००, आठ जीबी, उत्तम. मग बाण. हे कार्ड १३२ वॉट खातं; मदरबोर्डाच्या खाचेतून ७५ च मिळतात; उरलेल्यांसाठी एसएमपीएस नावाच्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून आठ पिनांची वायर हवी. याच्या एसएमपीएसला ती वायरच नाही. म्हणून नवा एसएमपीएस. पुन्हा बाण. एवढं कार्ड टाकल्यावर चार कोअरचा आय-थ्री ८१०० धापा टाकणार, म्हणून नवा प्रोसेसर. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डावर बसत नाही, म्हणून तो नवा. नव्या मदरबोर्डाला जुनी रॅम चालत नाही, म्हणून तीही. आणि मॉनिटर साठ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. कार्डाने शंभर काढली तरी वरची चाळीस वाया. म्हणून मॉनिटर. शेवटी दुहेरी रेघ मारून बेरीज : अठ्ठ्याहत्तर हजार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी कागद उलटा केला. पुढच्या बाजूला छापील चौकट होती, 'कर्जाचे कारण'. तिच्यात त्याने पेन्सिलीने 'मोह' असं लिहून खाली शेरा मारला होता : नामंजूर.

बरं, हा मनुष्य नुसता बोलघेवडा म्हणावा, तर तसंही नाही. इमारतीतल्या सहा पोरांच्या पीसीत त्याने स्वतःच्या हाताने कार्डं बसवली आहेत, आमच्या चिरंजीवासकट. दुसऱ्याचं कार्ड निवडताना तो कधी थांबत नाही. संध्याकाळी येतो, आधी मॉनिटर बघतो, मग एसएमपीएसवरचा स्टिकर वाचतो, मग खिशातून टेप काढतो. ही आईंच्या शिलाई मशीनच्या खणातली पिवळी टेप, टोकाचा पत्रा गेलेली. ती कॅबिनेटमध्ये आडवी धरून, एक डोळा मिटून, तो म्हणतो, "दोनशे पासष्ट मिलिमीटर. तीन पंख्यांचं कार्ड विसरा, हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यात शिंगं अडकतील." तिसऱ्या दिवशी योग्य कार्ड योग्य भावात, पक्क्या बिलासकट घरात येतं. त्याचं ज्ञान शेजाऱ्यांना फळतं. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र १०५० टीआय.

त्याच्या थांबण्याला इतिहास आहे, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी कारण बिनतोड होतं. २०२० च्या सप्टेंबरात तीस-मालिकेची कार्डं जाहीर झाली. तो म्हणाला, पहिली झुंबड ओसरू द्या. झुंबड ओसरली नाही. टाळेबंदी, चिपांची टंचाई, त्यात इथेरियम या डिजिटल नाण्याचं कार्डांवर चालणारं मायनिंग. २०२१ मध्ये कार्डं छापील किमतीच्या दुपटीला जाऊन बसली. तेव्हा घेणारा वेडा ठरला असता. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांनी नाणी काढायची पद्धतच बंद केली, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं सेकंडहँड बाजारात उतरली. भाव पडले. आता घे म्हटलं, तर म्हणाला, "काका, थांबा. अजून पडणार."

तरीही एकदा, चिरंजीवाच्या आग्रहाखातर, तो जुनं आरएक्स ५८० बघायला ठाण्याला गेला. मीही गेलो, कारण दहा हजारांच्या आतला व्यवहार असला तरी साक्षीदार हवा, असा पतपेढीचा नियम. स्टेशनच्या पुलाखाली एक मुलगा पाठीवरच्या सॅकमधून कार्ड घेऊन आला. बायकोच्या मैत्रिणीचं बाळ हातात घ्यावं तसं थांबेकराने ते घेतलं. पंखा बोटाने हलकेच फिरवून कानाशी नेला. स्क्रूवरची पांढरी चकती फाटली आहे का ते मोबाइलच्या उजेडात पाहिलं. कडेला पॅडातून झिरपलेलं तेल बोटावर घेऊन चोळलं. शेवटी नाकाशी नेऊन, हापूसची पेटी हुंगावी तसा दीर्घ श्वास घेतला.

"मायनिंगचं आहे."

"नाही हो दादा, मी फक्त पिक्चर बघायचो यावर."

"किती तास?"

"कधीमधी. रविवारी."

"रविवारच्या पिक्चरला एवढं तेल निघत नाही," थांबेकर म्हणाला आणि कार्ड दोन्ही हातांनी परत केलं. परतीच्या लोकलमध्ये तो इतका प्रसन्न होता, की मला वाटलं आता काही तरी घेऊनच घरी जातो. त्याने दिवा स्टेशनवर शेंगदाणे घेतले.

२०२३ च्या जूनमध्ये आरटीएक्स ४०६० आलं. नवं, कमी वीज खाणारं, पण मेमरी आठ जीबी. जुनं ३०६० बारा जीबीचं. नवं वेगवान, जुनं ऐसपैस. यावर त्याने आठ महिने काढले. २०२४ च्या डिसेंबरात इंटेलचं बी५८० बारा जीबी घेऊन आलं. पण त्याला रीसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डात लागते, आणि याचा बोर्ड त्या सोयीच्या आधीचा. मध्यंतरी त्याने सेलमध्ये सायबरपंक २०७७ हा गेम विकत घेऊन ठेवला. चालवायला कार्ड नव्हतं. पण गेम स्वस्त होता. बाजारात तुरी, आणि याच्या घरी फोडणी तयार.

सगळ्यात जास्त राग त्याला एका कार्डाचा : सहा जीबीचं आरटीएक्स ३०५०. त्याचं नाव काढलं की हा सोसायटीच्या सभेत बोलावं तसा उभा राहायचा. "आठ जीबीचं ३०५० निराळं, हे निराळं. कोअर कमी, मेमरीची वाट १२८ बिटांवरून ९६ वर आणली, आणि नाव तेच! अहो, पाटी तीच आणि मिसळीत फरसाण अर्धं!"

मग २०२५ उजाडलं. ऑक्टोबरात १०५० टीआयच्या पिढीला नव्या गेमांसाठी ड्रायव्हर मिळणं बंद झालं. कार्ड निवृत्त झालं, फक्त सुरक्षेपुरती पेन्शन चालू. एआयची डेटा सेंटरं जगभरची मेमरी गिळू लागली आणि रॅमचे भाव चढू लागले. ज्याने सात वर्षं किमती पडायची वाट पाहिली, त्याच्या डोळ्यांदेखत त्या उठून चालू लागल्या. आणि डिसेंबरातल्या एका रात्री त्याच्या पडद्यावर हिरव्या-जांभळ्या रेघा आल्या. कार्डाचा पंखा सात वर्षांच्या धुळीत गच्च बसला होता. प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर एक्सेल चालत होतं. गेम म्हणजे लग्नाच्या अल्बमसारखा, एकेक फोटो.

चौथ्या शनिवारी आम्ही निघालो. दादरला पूल ओलांडून स्लो लोकल, ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचारलं तर तिथला पानवालासुद्धा गोंधळतो. दुकानदार थांबेकराला पाहून हसला. "आइए प्रोफेसर. आज भी सिर्फ दर्शन?"

थांबेकराने ६६०० चा भाव विचारला. पाकिटाबाहेर. त्यात एसएमपीएस वेगळा. ४०६० चा विचारलाच नाही. त्याची नजर काउंटरच्या काचेखालून फिरत फिरत एका छोट्या खोक्यावर थांबली. ३०५०, सहा जीबी. ७० वॉट, खाचेतल्या विजेवर चालणारं, जादा वायर नको. त्याच्या पीसीला तेवढं एकच कार्ड पत्नीसारखं सांभाळून घेणारं होतं, आणि हे त्याला बहुधा बरेच दिवस माहीत होतं.

"उद्या विचार करून..." त्याने सुरुवात केली.

"साहब, आज का भाव आज. कल का मैं खुद नहीं जानता."

त्याने टेप काढली. खोक्यावरच्या लांबीच्या आकड्याशी लावली. गुंडाळली. मग खाकी पाकीट काढलं. नोटांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. दुकानदाराने दोन शिंका देऊन मोजल्या. बाहेर आल्यावर थांबेकर म्हणाला, "तीन हजार पन्नास. काका, जीएसटीचा आकडा. माझ्या तोंडात सात वर्षं हेच कार्ड होतं."

रात्री गेम चालला. पडद्यावर पाऊस पडत होता, ओल्या रस्त्यांवर गुलाबी-निळ्या पाट्या थरथरत होत्या. मी हरखून बघत होतो. थांबेकर वरच्या कोपऱ्यातल्या फ्रेमच्या आकड्याकडे बघत होता. तासाभराने त्याने गेम बंद केला. लग्नघरातला मांडव उतरवल्यावर माणूस बसतो तसा तो बसला. आता दिवाळीला काय बघायचं?

तेवढ्यात आई आतून आल्या. हातात ते पाकीट, उलटं धरलेलं. त्यातून डांबराची एकच गोळी टेबलावर पडली आणि घरंगळत कीबोर्डला टेकली.

"का रे, काशीचं बुकिंग केलंस?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. थांबेकराने टेप बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"थांब ना आई. जरा गर्दी ओसरू दे. पावसाळ्यानंतर भाडी पडतात."

"थांबते," आई म्हणाल्या. "माझं काय, मी आहेच. फक्त माझी वॉरंटी संपून पंधरा वर्षं झाली, तेवढं तुझ्या कागदावर लिहून ठेव."

थांबेकराने अर्जाचा नवा कागद ओढला, उलटा केला, आणि बऱ्याच वेळाने पहिल्यांदाच बाण न काढता लिहिलं : दोन तिकिटं.