टेपमामा

"जागा किती हाय?" हा टेपमामांचा रामराम. चुडावा स्टेशनच्या बाकड्यावर पूर्णेच्या गाडीची वाट बघत कुणी नवखा टेकला, की मामा आधी पाणी विचारतात आणि लगेच जागा विचारतात. नाव, गाव, सोयरीक वगैरे नंतर, गाडी लेट असेल तर.

मामांच्या वरच्या खिशात सोळा फुटी लोखंडी टेप आणि बाजूच्या खिशात गाठी मारलेली सुतळी असते. मामा महसुलात नव्हते, बांधकाम खात्यात नव्हते, गवंडीकामही त्यांनी कधी केलं नाही. लग्नाची पंगत बसली की लोक पानाकडं बघतात, मामा मांडवाकडं. दुखवट्याला गेले तरी ओसरीत पाय ठेवताच नजरेनं अंदाज घेऊन "बारा बाय आठ" असं पुटपुटतात आणि मग उपरणं डोळ्याला लावतात. असा एक माणूस गावोगाव असतो. आमचा जरा जास्त आहे, इतकंच.

मी इथल्या शाळेत गणित शिकवतो; तेव्हा नांदेडहून येऊन-जाऊन करायचो. चुडाव्यातच घर बांधावं असं मनात आलं आणि तीस बाय चाळीसच्या एका तुकड्याला मी इसार देऊन बसलो. ही बातमी मामांना माझ्या बायकोच्या आधी कळली.

"सर, गुंठा म्हंजी काय?"

"एक हजार एकोणनव्वद चौरस फूट."

"ते पुस्तकातलं झालं. तेहतीस फुटाची साखळी, तिचे सोळा आणे. साखळी बाय साखळी म्हंजी गुंठा. त्यातला एक आणा म्हंजी तेहतीस फूट लांब अन् दोन फुटाला जरा जास्त रुंद पट्टी. अडुसष्ट चौरस फूट. बांध कोरनारा मानूस गुंठा कोरत नसतो सर, आणा कोरतो."

मग सातबारा निघाला. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि गावात सगळेजण आर म्हणजे गुंठाच धरून चालतात. मामांना हे सहन होत नाही. आर म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे 1076 चौरस फूट. गुंठा 1089. "मधले साडेबारा फूट कुठं गेले?" असं ते भर चौकात विचारतात. "साडेबारा म्हंजी तीन बाय चारची आख्खी न्हाणी! दहा आर घेनाऱ्याच्या दहा न्हान्या गेल्या!" लोक हसतात. पण हिशोब बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या प्लॉटवर हजर. चारही बाजू मोजल्या. तीस, चाळीस, तीस, चाळीस. विकणारा सोबतच होता, त्यानं विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. मामांनी सुतळी काढली, या कोपऱ्याच्या खुंटीपासून त्या कोपऱ्याच्या खुंटीपर्यंत ताणली, मग तीच दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावली. एक कर्ण भरला 55 फूट 1 इंच आणि दुसरा 44 फूट 4 इंच.

"जागा गुन्यात नाही, सर. तीस-चाळीसला कर्न पन्नास पायजे. दोन्हीबी."

नऊशे अधिक सोळाशे, बरोबर पंचवीसशे, त्याचं वर्गमूळ पन्नास. पायथागोरसचा हा सिद्धांत मी दरवर्षी फळ्यावर सिद्ध करतो, न आलेल्या पोरांना उभं करतो. इसार देताना तो मला एकदाही आठवला नव्हता. जागा कलती होती आणि 1200 ऐवजी 1170 चौरस फूट भरत होती. तीस फुटांचे पैसे विकणाऱ्यानं कमी केले. मामांना चहा सांगितला तर कपाचा व्यास जरा कमी वाटतोय म्हणाले.

पुढं मी वीस बाय तीसचा नकाशा काढून घेतला आणि सहाशे फूट घर म्हणून मिरवू लागलो. मामांनी बाहेरच्या नऊ इंची भिंती वजा केल्या. साडेअठरा गुणिले साडेअठ्ठावीस, सव्वापाचशेला जरा वर. "आन्यापेक्षा जास्त जागा भिंतीच खातेत. पैसे मात्र सहाशेचे."

मामांना सगळ्यात जास्त राग कशाचा असेल, तर फुटाच्या भावाचा. "इतक्याला फूट, चावी हातात" असं बोलणारा ठेकेदार भेटला की ते त्याला एकच प्रश्न विचारतात. जोत्याखाली काय धरलंय? आमची माती काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून वर. तिच्यावर पाया टेकवला तर दोन-चार वर्षांत भिंतीवर नद्यांचा नकाशा उमटतो. म्हणून काळी उपसून मुरूम लागेपर्यंत खोल जायचं. तो किती खोल लागेल हे ठेकेदाराला ठाऊक नसतं आणि मातीला फुटाचा भाव कळत नसतो. वर पुन्हा जोत्यात भराव. माझ्या सव्वापाचशे फुटांत अडीच फूट मुरूम म्हणजे तेरा बरास, दबाई झाल्यावर आणखी दोन-तीन. दरवाजा-खिडकी सोडा, अजून वीटही लागलेली नव्हती.

वाळू आली तो दिवस मला विसरता येणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, एक बरास. मामा चपला काढून ट्रॉलीत चढले. दहा बाय सहा, उंची दीड फूट. "नव्वद घनफूट. बरास शंभराचा असतो." ड्रायव्हर वैतागला. वर मामांनी मूठभर वाळू दाबून पाहिली. वाळू ओलसर असली की फुगते आणि तेवढीच वाळू जास्त जागा अडवते, हे त्यांनी ड्रायव्हरला इतकं सावकाश समजावलं की शेवटी त्यानंच हात जोडले.

घरकुलाच्या यादीत नाव लागलेले लोकही मामांकडं येतात. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाटीवरच्या घराला मूळ रक्कम 1 लाख 20 हजार, घर किमान 25 चौरस मीटर. मामा बोटांवर हिशोब करतात. दोनशे एकोणसत्तर फूट, फुटाला 446 रुपये. शौचालयाचे आणि रोजगार हमीच्या मजुरीचे पैसे वेगळे. पुढं ते काही बोलत नाहीत. मामा गप्प बसतात असा हा एकच हिशोब मी पाहिला.

आता मामांचं घर. गावठाणात त्यांचं जोतं आहे, तीस बाय चाळीसचं. कोपऱ्यांतून गंजक्या सळया वर आल्यात, त्यातल्या एकीला शेळी बांधलेली असते. दर दिवाळीनंतर मामा जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर खर्चाचा नवा हिशोब मांडतात, सिमेंट जरा उतरू द्यावं असं ठरवतात आणि पत्र्याच्या खोलीत जाऊन झोपतात. मामी जोत्यावर हळद वाळवतात. "यायला विचारा की," त्या मला म्हणाल्या, "ह्या घराला दार कोनत्या साली?"

माझं घर होऊन आता दोन पावसाळे झाले. भिंतीला चीर नाही. परवा मामा पूर्णेला गेलेले बघून मी त्यांच्या जोत्यावर चढलो आणि हळद तुडवली जाऊ नये म्हणून कडेकडेनं सुतळी ताणली. दोन्ही कर्ण पन्नास फूट भरले.