नऊ कोटी सत्तावीस लाख क्लिक कुणाचे?

गेमिंग माउसच्या खोक्यावर ‘१० कोटी क्लिक’ असं छापलेलं असतं. ठळक, चकचकीत, मागे विजेचा लोळ. त्याच खोक्याच्या बुडाशी, बारकोडच्या वर, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत ‘वॉरंटी २ वर्षे’ असंही असतं. ही दोन वाक्यं एकाच खोक्यावर वर्षानुवर्षं सुखाने नांदताहेत. त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी, असं मात्र आजवर कुणाला वाटलेलं नाही.

तेवढं आपण करू. दिवसाला १० हजार क्लिक धरा. बंगळुरूत बेळंदूरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, दिवसा ऑफिस आणि रात्री व्हॅलोरंटचा गेम सांभाळणारा आपला मराठी इंजिनिअर एवढे सहज करतो. (त्याच्या मॅनेजरला हा आकडा फुगवलेला वाटेल, पण सोडून द्या.) १० कोटी भागिले १० हजार, म्हणजे १० हजार दिवस. सत्तावीस वर्षं! तोवर त्याने स्वतःचा फ्लॅट घेऊन त्याचं कर्जही फेडलेलं असेल, आज पाळण्यात असलेली मुलगी लग्नाला ‘इतक्यात नाही’ म्हणत असेल आणि सिल्क बोर्ड चौकात अडकलेली त्याची कॅबही कदाचित पलीकडे पोचली असेल. माउस मात्र टकटकीत.

आणि वॉरंटी? त्याच हिशेबाने दोन वर्षांचे होतात ७३ लाख. म्हणजे १० कोटींपैकी ७३ लाख क्लिकची जबाबदारी कंपनीची. उरलेले ९ कोटी २७ लाख रामभरोसे.

बरं, हे क्लिक मोजायचे कुणी? गाडीला किलोमीटरचा काटा असतो. बंगळुरूच्या रिक्षालासुद्धा मीटर असतो. तो चालत नाही ही गोष्ट वेगळी. माउसला काहीच नाही. १० कोटींचा वायदा करणाऱ्याने निदान एक छोटा आकडा फिरता ठेवायला नको? मग जुने माउसही इज्जतीत विकले गेले असते: ‘सिंगल ओनर, फक्त चाळीस लाख चाललाय, एक्सेलवाल्याच्या हातचा, गेमिंगला अजिबात वापरलेला नाही.’ त्यावर पुणेरी गिऱ्हाइकाने विचारलं असतं, ‘डावं बटण चाळीस लाख, मग उजवं किती? खरं सांगा, मीटर मागे फिरवलाय ना?’ पुढे डाव्या बटणाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं प्रमाणपत्र आलं असतं, मग ते देणारा एजंट आला असता, आणि चाकाच्या वळशांवर अधिभार लागला असता. एका मीटरअभावी केवढी मोठी अर्थव्यवस्था जन्माला यायची राहून गेली!

प्रत्यक्षात काय होतं, ते ज्याच्या हातात माउस आहे त्याला ठाऊक आहे. दीड-दोन वर्षांत डावं बटण तोतरं होतं. एकदा दाबलं की दोनदा दाबल्याचं सांगतं. गेममध्ये एका गोळीच्या जागी दोन सुटतात. ऑफिसात फाइल नुसती निवडायला जावं तर ती उघडते, आणि रजेचा एक अर्ज दोनदा जाऊन दोनदा नामंजूर होतो. कारण साधं आहे. बटणाखालच्या स्विचमध्ये तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी असते. दाबली की ती टेकते, पण टेकताना काही सहस्रांश सेकंद थरथरते. ही थरथर मोजायची नाही, असं माउसच्या आतल्या चिपला शिकवलेलं असतं. पट्टी थकली, टेकण्याच्या जागेवर गंज धरला, की थरथर लांबते. त्यातच गेमिंगवाल्यांनी वेगाच्या नावाखाली चिपचा दुर्लक्ष करण्याचा वेळ कमी करून ठेवलेला. मग ती बिचारी ऐकलं ते सगळं सांगत सुटते.

सर्व्हिस सेंटरमध्ये हा आजार कधीच दिसत नाही. काउंटरवरचा मुलगा माउस जोडतो, एकदा दाबतो, एकदाच क्लिक होतो. ‘चालतोय की सर.’ तुम्ही म्हणता, चाळीस वेळा दाबून बघा. तो तुमच्याकडे असं बघतो, की दाखवायला माउस आणलाय की स्वतःला, असा प्रश्न आपल्यालाच पडावा. शिवाय मूळ बिल हवं, मूळ खोका हवा. खोका जपून ठेवायला माळा लागतो, आणि दोन खोल्यांत चौघं राहतात तिथे माळ्यावर पाचवा झोपतो.

म्हणून नवा घ्यायचा. बजेट ‘मध्यम’. हे बजेट दोन हजारांवरून निघतं, तीन हजारांवर चहाला थांबतं आणि पाच हजारांना पोचून म्हणतं, एवढं आलोच आहोत तर. त्यासाठी एक्सेलची शीट होते. वजन ६० ग्रॅम की ६३, हा रकाना. पकड तळहाताची, पंजाची की बोटांच्या टोकांची, हा दुसरा. त्यासाठी रूममेटकडून हाताची मापं घेतली जातात, जी शिंप्यानेही कधी घेतली नसतील. डीपीआय ३० हजार. एवढ्यावर ठेवला तर माउस जेमतेम दीड मिलिमीटर सरकताच बाण पडद्याच्या या टोकाचा त्या टोकाला जातो. स्पर्धेत उतरणारे बहुतेक खेळाडू ४०० ते १६०० वर खेळतात, पण आपल्याला हवेत तीस हजार. साधा माउस संगणकाला सेकंदात १२५ वेळा आपला ठावठिकाणा कळवतो, नवे ८ हजार वेळा. पडद्यावर काही दिसल्यापासून माणसाचं बोट हलायला सेकंदाचा पाचवा भाग जातो, तो जातोच.

शीटमध्ये एकच रकाना नसतो: बिघडला तर उघडता येतो का?

इथे मात्र माझा हसण्याचा करार संपतो. माउस उलटा करा. स्क्रू दिसतोय? नाही दिसणार. तो खालच्या गुळगुळीत पट्ट्यांच्या आड दडवलेला असतो. पट्टी उपसली की तिचा चिकटपणा जातो, कडा दुमडते, आणि उघडण्याचं धाडस केल्याची शिक्षा म्हणून माउस पुढे टेबलावर खरडत चालतो. आत काय असतं? तीन पायांचा स्विच, करंगळीच्या नखाएवढा. सोल्डर वितळवा, जुना काढा, नवा बसवा. असे दोन स्विच दोन-तीनशे रुपयांच्या आत येतात. एवढ्यासाठी चार हजारांचा धडधाकट माउस, त्याचा सेन्सर, वायर, चाक, सगळं कचऱ्यात. ज्याला ठाऊक आहे की हा तुकडा सगळ्यात आधी जाणार, त्यानेच तो सगळ्यात अवघड जागी बसवला आहे, आणि वर त्याच तुकड्याच्या आयुष्याची जाहिरात खोक्यावर केली आहे. याला डिझाइन म्हणतात. आमच्या गल्लीतला मिक्सरवाला असं करता तर लोकांनी त्याचं दुकान बंद पाडलं असतं. हाताने ओढून स्विच बदलता येईल असे माउस बनतात, नाही असं नाही, पण मोजकेच. म्हणजे जमतं. करायचं नाही, एवढंच. आणि आपणही असे, की दहा मिनिटांत नवा माउस दारात आणून देणारा पोरगा आपल्याला प्रगती वाटतो, आणि सोल्डरिंगची कांडी घेऊन बसलेला म्हातारा ट्रॅफिक वाटतो.

तरी त्या म्हाताऱ्याकडे जा. बंगळुरूत चिकपेटला मेट्रोतून उतरून कॉम्प्युटरच्या दुकानांच्या एसपी रोडला चालत जा, गाडी नेऊ नका. बरीचशी दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारी जा. पहिल्या दुकानात ‘बजेट एष्टु सर?’, म्हणजे बजेट किती, असं विचारतील. उत्तर देऊ नका, पुढे चालत राहा आणि दुरुस्तीचं विचारा. सांगेल त्या भावात दोन्ही बटणांचे स्विच बदलून घ्या, दुसराही उद्या जाणारच आहे. माउसखालच्या पट्ट्या फाटल्या तर नव्या मिळतात.

नवाच घ्यायचा असेल, तर ऑप्टिकल स्विचचा घ्या. त्यात पट्टी टेकायची भानगड नाही, प्रकाशाचा किरण अडतो आणि क्लिक होतो, म्हणून हे तोतरेपण येत नाही. चार हजारांच्या आसपास असे मिळतात. पक्कं बिल मागा; १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरताय.