सर्व्हर सारू

भाऊजी पिक्चर लावतात आणि टीव्हीकडे पाठ करून बसतात. पुढ्यात लॅपटॉप, लॅपटॉपवर काळी खिडकी, खिडकीत दर सेकंदाला बदलणारे आकडे. टीव्हीवर नायिकेचा बाप गेलेला असतो, ताई पदराने डोळे पुसत असते, तिच्या सासूबाईंना हुंदका आवरत नसतो, आणि भाऊजी वळूनही न पाहता जाहीर करतात, “नऊ टक्के! एवढी रडारड चालू आहे, पण प्रोसेसर नऊच्या वर जाऊन नाही राहिला.”

हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम मंचेरियल. 2016 च्या दसऱ्याला मंचेरियल आदिलाबादपासून तुटून स्वतंत्र जिल्हा झाला, तरी घरी येणाऱ्या लग्नपत्रिकांवर अजून ‘जि. आदिलाबाद’च असतं. भाऊजींची सगळी नोकरी सिंगरेणीच्या कोळसाखाणींत, विद्युत विभागात गेली. मंदमर्री झालं, श्रीरामपूर झालं, बेल्लमपल्ली झालं. जमिनीखालच्या खाणीत पाणी पाझरतच राहतं आणि ते उपसणारे पंप थांबले की सगळंच थांबतं. म्हणून कुठलंही यंत्र दिसलं की त्यांचा पहिला प्रश्न, “लोड किती?” ताईला बघायला आले तेव्हा पोहे खाताना सारखे वरच पाहत होते. आमच्या आईला वाटलं, मुलगा लाजाळू आहे. मुलगा पंख्याचं बेअरिंग ऐकत होता. जाताना पंखा खोलून, बेअरिंगला तेल देऊन गेला; होकार नंतर पत्राने आला.

निवृत्तीनंतर पंचाईत झाली. फ्रिज, कूलर, बोअरची मोटर, गिरणीवाल्याची चक्की, सगळ्यांचे अँपिअर मोजून झाले. मग डॅलसहून लेकीने नातीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ पाठवला, आणि भाऊजींच्या आयुष्याला पुन्हा लोड मिळाला.

व्हिडिओ घरच्या जुन्या टीव्हीवर लागेना. आजचे फोन चित्र एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने दाबून भरतात. 2013 साली ठरलेली ही पद्धत जुन्या एच.264 च्या जवळजवळ निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवते. जुन्या टीव्हीला एच.264 कळतं, एचईव्हीसी कळत नाही. तेव्हा मध्ये कुणीतरी बसून एकेक चित्र उलगडायचं आणि जुन्या पद्धतीने पुन्हा बांधून द्यायचं, तेही सेकंदाला तीस या वेगाने. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. भाऊजींनी घरातल्या कॉम्प्युटरवर, इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीवर, जेलीफिन नावाचा सर्व्हर चढवला. जेलीफिन 2018 च्या डिसेंबरात एम्बी नावाच्या सर्व्हरपासून फुटून निघालं आणि ते फुकट आहे. प्लेक्स या दुसऱ्या सर्व्हरच्या काही सोयींसाठी पैसे भरून पास काढावा लागतो, हे कळल्यावर भाऊजींनी प्लेक्सचं नाव टाकलं.

आय-थ्रीने प्रयत्न केला. पंखा असा ओरडायला लागला की शेजारचं दार उघडलं. नात मेणबत्ती फुंकायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. पडद्यावर गोल फिरतंय, खोलीत शंभर टक्क्यांचा गजर, आणि खिडकीतून शेजाऱ्यांचा प्रश्न, “आगिपोयिंदा, सारू?” म्हणजे अडकलं का साहेब. त्या दिवसापासून गल्लीत त्यांचं नाव सर्व्हर सारू पडलं, आणि भाऊजींनी ते पदवीच्या मानाने स्वीकारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना शोध लागला की चिपच्या पोटात या कामासाठी वेगळा कोपराच असतो. इंटेलने 2011 साली ‘क्विक सिंक’ नावाने तो दिला. हिशेब करणारे मुख्य कोअर आरामात बसतात, चित्रं उलगडायचं-बांधायचं काम हा कोपरा परस्पर करतो. “म्हणजे पंप वेगळा आणि लिफ्ट वेगळी,” भाऊजी म्हणाले, “मी इतके दिवस लिफ्टने पाणी काढून राहिलो होतो!” घरात हे कुणाला कळलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “पाणी आलं का?”

पण तिसऱ्या पिढीच्या कोपऱ्याला एचईव्हीसी येत नाही. भाऊजी सिकंदराबादला गेले, सीटीसीच्या कॉम्प्युटर बाजारात उन्हातान्हात हिंडले, एका कचेरीतून निघालेलं सहाव्या पिढीचं मशीन घेतलं आणि रेल्वेत ते मांडीवर ठेवून परत आले. सहावी पिढी 2015 ची, तिला एचईव्हीसी येतं. लावलं. नात वाकली आणि पुन्हा वाकलेलीच राहिली.

इथून पुढचं भाऊजी कुणालाही, कधीही, न विचारता सांगतात. सहाव्या पिढीला आठ बिटांचं एचईव्हीसी उलगडता येतं, दहा बिटांचं नाही. नव्या आयफोनवर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराची मोठी श्रेणी, चालू असलं की चित्र दहा बिटांत नोंदलं जातं. दहा बिट सातव्या पिढीला येतात, आणि सातवी पिढी टेबलावरच्या कॉम्प्युटरांत आली 2017 च्या जानेवारीत. एका पिढीने गेलं! तेव्हापासून घरी कुणी लॅपटॉप घेऊन आलं की, स्थळ आल्यावर गोत्र विचारावं तसं भाऊजी चपला काढायच्या आत विचारतात, “पिढी कितवी?” ताईच्या भिशीतल्या एका बाईंनी भाबडेपणाने सांगितलं, “आम्ही इथे चौथी पिढी, मूळचे वणीचे.” भाऊजी हळहळले, “चौथीला एचईव्हीसी नाही हो.”

सहाव्या आणि सातव्या पिढीचं सॉकेट मात्र एकच, 1151. नवं मशीन नको, नुसती चिप बदलायची. फक्त आधी बायोस, म्हणजे मशीन चालू करताना पहिलं जागं होणारं सॉफ्टवेअर, नवं करून घ्यायचं. बायोस नवं होताना वीज गेली तर मशीन जन्माचं जाऊ शकतं. आता जिल्ह्यात जयपूरला सिंगरेणीचं 1200 मेगावॅटचं केंद्र आहे, गोदावरीपलीकडे रामगुंडमला एनटीपीसी आहे. पण वळवाच्या वाऱ्यात झाडाची फांदी तारेवर पडली की मेगावॅट कुणाला विचारत नाहीत. भाऊजींनी मुहूर्त पहाटेचा धरला. इन्व्हर्टर रात्रभर चार्ज केला. घरातले पंखे बंद, फ्रिज बंद, देवघरातला झिरोचा दिवाही बंद. सासूबाईंना हलू नका म्हणून सांगितलं. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती आणि अंधारात घामाघूम झालेलं कुटुंब श्वास रोखून उभं होतं. नातीच्या जन्माच्या वेळी भाऊजी इतके अस्वस्थ नव्हते, असं ताई सांगते. तेव्हा त्यांना डॉक्टरांवर विश्वास होता.

चिप बसली. तरी चालेना. लिनक्समध्ये जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या नावाने चालतं, आणि ग्राफिक्सच्या कोपऱ्याचं जे दार आहे, ‘रेंडर-डी-128’, तिथे ‘रेंडर’ गटात नाव असल्याशिवाय आत सोडत नाहीत. भाऊजी दिवसभर पुटपुटत होते, “128 ला परवानगी नाही, 128 ला परवानगी नाही.” सासूबाईंनी शेवटी विचारलं, “मग दुसऱ्या गाडीने जा ना.” संध्याकाळी एका ओळीच्या आज्ञेने नाव गटात गेलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि आकडा शंभरावरून नऊवर आला. भाऊजींनी पेढे आणले.

नात हलली, मेणबत्ती विझली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ताई म्हणाली, “केक सिमेंटचा आहे का?” गुलाबी केक राखाडी दिसत होता, जावई राखाडी, नातीचा फ्रॉकही राखाडी. एचडीआरचं चित्र साध्या टीव्हीसाठी उतरवताना उजेडाची सगळी श्रेणी नव्याने बसवावी लागते, याला टोन मॅपिंग म्हणतात. ते चालू केलं नाही की रंग उडतात. त्यासाठी आणखी एक ड्रायव्हर लागला आणि आणखी एक रात्र गेली. केक गुलाबी झाला तेव्हा नातीचा पुढचा वाढदिवस जवळ आला होता.

एवढा दरबार मांडल्यावर घरात बघितलं काय जातं? ‘अशी ही बनवाबनवी’. पिक्चर 1988 चा, डीव्हीडीवरून घेतलेला, 720 बाय 576 चा. सासूबाईंना सहसा दुसरा चालत नाही. तो आय-थ्रीवरसुद्धा हसतखेळत चालत होता. चिपचा कोपरा-बिपरा काही लागत नाही त्याला. भाऊजींना हे ठाऊक आहे आणि बोचतं. ते सुचवून पाहतात, “आई, चार-के मध्ये काही बघता का? जंगलातले वाघ आहेत.” सासूबाई म्हणतात, “वाघ ताडोब्यात आहेत. तू ते बायकांचे कपडे घातलेलं लाव.”

एप्रिल-मे मध्ये मंचेरियल पंचेचाळीस अंशांकडे जातं. घरात कूलर एक. पूर्वी त्याचं तोंड सासूबाईंच्या खाटेकडे असे, आता टीव्हीखालच्या खणाकडे असतं. ताईने जाब विचारला तेव्हा भाऊजींनी मोजमाप दाखवलं: चिप एवढी तापते, आई एवढ्या तापत नाहीत. त्या दिवशी आई पुरेशा तापल्या. आता कूलर पाळीने फिरतो.

पूर्वी भाऊजींची सक्त ताकीद होती की सबटायटल लावायचं नाही. ब्लू-रेवरचं सबटायटल अक्षरांचं नसतं, चित्रांचं असतं; अनेकदा ते मूळ चित्रावर छापूनच पाठवावं लागतं, म्हणजे अख्खा पिक्चर पुन्हा बांधणं आलं. कोपरा सुरू झाल्यापासून उलटी गंगा. मराठी पिक्चरलाही सबटायटल लावा म्हणतात. रात्री आमच्याकडे चंद्रपूरला फोन येतो, “सगळे जागे आहेत ना? नऊ वाजता एकदम चालू करा. क्वालिटी कमी ठेवा, म्हणजे सर्व्हरला चित्र पुन्हा बांधावं लागेल. पुण्याचेही येऊन राहिले आहेत, लोड बघायचा आहे.” काय बघायचं हे ते सांगत नाहीत. आम्ही आपापल्या घरी वाघ लावतो आणि झोपी जातो. सकाळी निरोप असतो: “चौतीस टक्के. धन्यवाद.”

या दिवाळीत ताईने नवा टीव्ही घेतला. त्याला एचईव्हीसी येतं, दहा बिट येतात, एचडीआर येतं. फाइल जशी आहे तशी जाते, सर्व्हरला हात लावावा लागत नाही. जाणकार सांगतात की चांगला सर्व्हर तोच, ज्याला ट्रान्सकोडिंग करावंच लागत नाही. भाऊजींनाही ते मान्य आहे. ते लॅपटॉप उघडून बसतात आणि काळ्या खिडकीत आकडा असतो शून्य. हल्ली ते 2023 मध्ये आलेल्या एन100 ची माहिती काढतात. सहा वॅटची चिप, तिला एव्ही1 ही एचईव्हीसीहून नवी पद्धतसुद्धा उलगडता येते. सगळ्या घरात एव्ही1 ची एकही फाइल नाही. ताई म्हणते, आता तीही येईल.

तेव्हा बल्हारशा-काझीपेट लाइनीने कधी जाणार असाल तर मंचेरियलला उतरा. ताई चहा देईल, साखर कमी हवी असेल तर आधी सांगा. जुना फोन घरात पडला असेल तर तो आठवणीने बरोबर घ्या, एचईव्हीसी न कळणारा असेल तर फारच उत्तम. वाय-फायचा पासवर्ड भाऊजी स्वतः टाकून देतात. पिक्चर कुठलाही लावा; फक्त क्वालिटी कमी ठेवा, आणि सबटायटल चालू करायला विसरू नका.