साल कुठल्या अशोकाची?

सोसायटीच्या फाटकाशी सरळसोट उभा असतो, तो अशोक नव्हे. नाव त्याला अशोकाचं मिळालं, पण कूळ सीताफळाचं. खरा सीताअशोक चिंचेच्या कुळातला. उंचीनं बेताचा, पसरट, वसंतात केशरी-तांबड्या फुलांच्या झुबक्यांनी भरून जाणारा. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधात साल पडायला हवी ती याची.

पण सोलून, वाळवून, तुकडे करून पोत्यात भरलेली साल कुठल्या झाडाची, हे मुरलेल्या जाणकारालाही नजरेनं सांगता येत नाही. डीएनए सांगतो. २०१६ च्या एका भारतीय अभ्यासात बाजारातून अशोकाची म्हणून आणलेली साल अशी तपासली, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक नमुने दुसऱ्याच झाडांचे निघाले.

अंगावरून फार जातं म्हणून बाई महिनोन् महिने अशोकारिष्ट घेते. गुण आला नाही की बोल लागतो तिच्या प्रकृतीला, नाहीतर आयुर्वेदाला. सालीची चौकशी कुणी करत नाही. ही फसवणूक आहे, आणि तीही दुखणाईताची.

चौकशी करायची तर वेळेवर करायला हवी. अरिष्टासाठी साल आधी पाण्यात उकळून तिचा काढा आटवतात. त्या उकळीत डीएनएचे तुकडे तुकडे होतात. बाटलीतलं औषध तपासून मग खात्रीनं काही सांगता येत नाही. तपासणी हवी ती कारखान्याच्या दारात, पोतं उतरवताना, साल अजून साल असताना. तिचा निकाल प्रत्येक घाण्यागणिक बाटलीवर छापण्याची सक्ती सरकारनं करावी.

मात्र एवढ्यानं भागणार नाही. भेसळ होते, कारण खरी साल पुरत नाही. सीताअशोक जंगलातून इतका ओरबाडला गेला की आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्याला असुरक्षित प्रजातींत घातलं आहे. खोडाभोवतीची सगळी साल सोलली की झाड मरतं. लागवड वाढवल्याशिवाय नुसती तपासणी कडक केली, तर उरल्यासुरल्या झाडांवरच कोयता पडेल.

म्हणून येत्या पावसाळ्यात अशोक लावणार असाल, तर रोपवाटिकेत पान निरखून पाहा. कडा लाटांसारख्या असलेलं एकेकटं लांबट पान दिसलं, तर तो फाटकावरचा. एका देठावर समोरासमोर जोड्यांनी पर्णिका दिसल्या, तर तो सीताअशोक. तोच घरी आणा.