पलंग कुठे आहे, ते सांग

शिकागोतल्या एका घराचा नकाशा. दार कुठून, खोल्या किती, पलंग कुठे. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्या घरात गोळ्यांचा पाऊस पाडला, तेव्हा त्या पलंगावर ब्लॅक पँथर पक्षाचा २१ वर्षांचा पुढारी फ्रेड हॅम्प्टन झोपलेला होता. नकाशा पुरवला होता विल्यम ओनीलनं. हॅम्प्टनच्या सुरक्षेची जबाबदारी त्याच्याकडेच होती.

'जुडास अँड द ब्लॅक मसाया' हा २०२१ चा चित्रपट याच ओनीलचा. हॅम्प्टनच्या भूमिकेसाठी डॅनियल कलुयाला ऑस्कर मिळालं, पण आपली झोप उडवतो तो लकीथ स्टॅनफिल्डचा ओनील. दिग्दर्शक शाका किंगनं हुतात्म्याच्या शेजारी खबऱ्याला उभं केलं आणि म्हणाला, आता याच्याकडे बघा.

आपल्याला ते जमत नाही.

आपल्याकडे कुणी फितूर निघाला की 'सूर्याजी पिसाळ' म्हणायचं आणि हात झटकायचे. त्याला फोडला कुणी, कसा, कुठल्या कोठडीत, हे विचारायची गरजच उरत नाही. ज्यानं फोडला, त्याचं याहून सोयीचं काय असणार?

ओनील काही जन्मजात गद्दार नव्हता. गाडीचोरीत सापडलेला पोरगा होता. एफबीआयच्या रॉय मिचेलनं त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या: तुरुंगात जा, नाहीतर पँथरमध्ये जा. छाप्यानंतर त्याला बक्षीस मिळालं ३०० डॉलर. एका माणसाच्या जिवाचा सरकारी दर.

हे फक्त अमेरिकेतच होतं, असं वाटतं?

पुणे, १८९७. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली गेली. सरकारनं वीस हजारांचं बक्षीस लावलं. रँडला मारणाऱ्या चापेकर बंधूंचं नाव फोडलं गणेश शंकर द्रविडनं, आणि तो तेव्हा फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता. गळा आधीच सरकारच्या मुठीत, मग तोंड उघडायला किती वेळ लागतो? ८ फेब्रुवारी १८९९ ला वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविडला आणि त्याच्या भावाला गोळ्या घातल्या. पुढे वासुदेव आणि रानडेही फासावर गेले. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' या चित्रपटात हे सारं आहे. तो १९७९ चा. त्यानंतर आपण या वाटेला किती वेळा गेलो?

आता नाशिक.

२१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग. कलेक्टर जॅक्सन नाटकाला आला आणि अनंत कान्हेरेनं त्याला गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्यावर पाठवणाऱ्या खटल्याच्या मुळाशी हाच जॅक्सन होता. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे फासावर गेले. कान्हेरे तेव्हा अठराचा. नाशकात त्याच्या नावाचं मैदान आहे. तिथे सकाळी फेऱ्या मारणारे बहुतेक जण त्याला आजही 'गोल्फ क्लब'च म्हणतात.

पण कान्हेरेच्या हातातलं ते ब्राउनिंग पिस्तूल आलं कुठून?

लंडनहून. तिथल्या भारतीय क्रांतिकारकांचा अड्डा असलेल्या इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन १९०९ च्या सुरुवातीला मुंबईला परतला. त्याच्या ट्रंकेला खोटा तळ होता आणि त्या तळाखाली वीस पिस्तुलं. कस्टमच्या डोळ्यांदेखत ट्रंक बंदरातून बाहेर पडली. छाती लागते याला. त्यातल्याच एका पिस्तुलानं विजयानंदमध्ये बार काढला.

आणि नाशिक कटाच्या खटल्यात हाच चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला.

ज्यानं जीव मुठीत धरून पिस्तुलं आणली, त्यानंच कोर्टात उभं राहून ती कुणी पाठवली ते सांगितलं. २४ डिसेंबर १९१० ला विनायक सावरकरांना जन्मठेप झाली. चतुर्भुज शूर होता की भ्याड? दोन्ही होता. म्हणून तर त्याच्याबद्दल बोलताना आपली जीभ अडखळते.

कीर्तिकरची गोष्ट निराळी. स्कॉटलंड यार्डानं त्याला दंतवैद्यकीचा विद्यार्थी म्हणून इंडिया हाउसमध्ये घुसवलं होतं. तिथल्याच क्रांतिकारक व्ही. व्ही. एस. अय्यरांनी त्याला पकडलं. पण हाकललं नाही. अहवाल पाठवत राहा म्हणाले, फक्त आधी आम्हाला दाखव! सरकारचा हेर सरकारवरच सोडला. या एका प्रसंगावर मराठीत अख्खा चित्रपट उभा राहील, पण तो काढणारा निर्माता अजून दिसलेला नाही.

इथे कुणी म्हणेल, काळ्यांच्या लढ्याशी आपला काय संबंध? १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांनी 'दलित पँथर' काढली, ते नाव कुठून आलं होतं? शिकागोतले पँथर गरीब पोरांना सकाळची न्याहारी फुकट देत. हॅम्प्टननं काळे, पोर्तो रिकन आणि गरीब गोरे एका टेबलाशी बसवले. सरकार बंदुकीला भीत नव्हतं असं नाही, पण त्या टेबलाला जास्त भ्यालं. जातीजातींत वाटलेल्या मुलखाला हे समजावून सांगावं लागू नये.

तिकडे निदान हिशेब मागितला गेला. घरच्या लोकांनी आणि वाचलेल्यांनी वर्षानुवर्षं खटला चालवला. नकाशा उजेडात आला, मिचेलचं नाव आलं, १९८२ मध्ये साडेअठरा लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. ओनीलनं १९८९ मध्ये कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःची कहाणी सांगितली. जानेवारी १९९० मध्ये तो मेला. आत्महत्या, अशी नोंद झाली.

आपल्याकडे चतुर्भुजला कुणी काही विचारल्याचं ऐकलंय?

कुसुमाग्रज आणि कानेटकरांच्या या नाशकात नाटक लिहिणारे हात कमी नाहीत. कालिदास कलामंदिरात क्रांतिकारकांवरची नाटकं होतात, व्हायलाच हवीत. एक नाटक चतुर्भुजवर लिहा. पहिला प्रवेश लंडनच्या स्वयंपाकघरात, दुसरा बंदरावर, ट्रंकेपाशी. आणि तिसरा त्या खोलीत, जिथे त्याला बोलतं केलं गेलं. त्या प्रवेशात टेबलाच्या पलीकडे बसलेल्या साहेबालाही उभा करा. अंधारात नको, चांगला उजेडात, नाव आणि हुद्द्यासकट.