नोट्सवाले सर

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपास कुठल्याही गल्लीत शिरा. खाली यंत्रमाग खडखडत असतात आणि वरच्या माळ्यावर नोट्सवाले सर. मागांच्या वरताण शिकवायचं म्हणून आवाज कायम टिपेला. घरी चहासुद्धा ते डिक्टेशनच्या सुरात मागतात, “साखर कमी, स्वल्पविराम, आलं घालून, पूर्णविराम.”

ज्ञान आणि आकलन यांतला फरक विचारा, सर डोळे मिटून सांगतील : बेंजामिन ब्लूम, साल 1956, पायऱ्या सहा, पहिली ज्ञान, दुसरी आकलन, तिसरी उपयोजन. बी.एड.ला या उत्तराला पैकीच्या पैकी पडले होते. एखादं उदाहरण द्या म्हटलं, की सर घड्याळाकडे बघतात.

पण माणूस गाफील नाही. प्रश्नपत्रिकेच्या संविधान तक्त्यात आकलनाचा वेगळा रकाना असतो, म्हणून ते आकलनाच्याही नोट्स देतात. ‘तुमच्या शब्दांत लिहा’ हा प्रश्न आला, की फळ्यावर डस्टर आपटून म्हणतात, “हं, लिहून घ्या तुमचे शब्द!”

चाचणीत भौगोलिक कारण विचारलं होतं : सुती वस्त्रोद्योग मुंबईत का वाढला? मागच्या बाकावरच्या पोरानं लिहिलं, ‘हवा कोरडी असली की धागा सारखा तुटतो. म्हणून उन्हाळ्यात माझे पप्पा कारखान्यात जमिनीवर पाणी मारतात. मुंबईची हवा आधीच दमट.’

सरांनी अर्धा गुण दिला. “सागरी सान्निध्य कुठाय? आर्द्रता कुठाय? बाळा, पप्पा सिलॅबसमध्ये नाहीत!”

सरांचंही अगदीच चूक नाही. “परीक्षक गठ्ठा घेऊन बसलेला असतो. तो मुद्दे मोजणार. तुला कळलंय का, हे हुडकत बसायला त्याला सवड कुठली?” कागदावर पाठ केलेलं आणि उमगलेलं सारखंच दिसतं. फरक ओळखायचा तर उलटा प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तरपत्रिकेला तो विचारता येत नाही.

पुढे कुठल्याशा प्रशिक्षणात सरांना सांगण्यात आलं, की परिसरातली उदाहरणं देणाऱ्यांना गुण द्या. सरांनी त्याच रात्री नोट्स सुधारल्या. सहामाहीला अख्ख्या वर्गानं लिहिलं, ‘उन्हाळ्यात माझे पप्पा कारखान्यात जमिनीवर पाणी मारतात.’ किराणावाल्याच्या मुलीनं लिहिलं, रिक्षावाल्याच्या मुलानंही. सगळ्यांना पूर्ण गुण.

मागच्या बाकावरच्या पोरानं मात्र ‘जमिनीवर’ऐवजी ‘फरशीवर’ लिहिलं. सरांनी अर्धा गुण कापला.