अंगठेबहाद्दर

स्वतःला कवडीचीही खरेदी करावयाची नसता, दुसऱ्याच्या खरेदीची नुसती कुणकुण लागताच जो वहाणा पायांत सरकवून दाराशी हजर होतो, त्या गृहस्थाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. तो आपल्याही आळीत आहेच. आमच्या कऱ्हाडात त्याला बापूराव म्हणतात. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आणि सायकलीवाचून दुसरे वाहन जन्मात न बाळगलेल्या या गृहस्थांनी ट्रकच्या टायरांचाच विषय का हाती धरावा, याचा उलगडा मला झालेला नाही. मात्र तीस वर्षे खातेदारांचे अंगठे दस्तऐवजांवर उमटवून घेतल्यावर, शेष आयुष्यात आपलाही अंगठा कोठे तरी उमटावा अशी वासना त्यांच्या ठायी उत्पन्न झाली असावी.

हा अंगठा म्हणजे एक स्वतंत्र खातेच आहे. नव्या टायरच्या नक्षीत नख रोवून, डोळे मिटून, बापूराव ‘माल शिळा आहे’ असा हुकूम फर्मावतात. आणि दुकानदाराने हरकत घेताच टायरच्या कडेवरचे चार आकडे बॅटरीच्या उजेडात मोठ्याने वाचतात. २४१९ म्हणजे २०१९ सालचा चोविसावा आठवडा. हे आकडे आधीच वाचले असते तर अंगठ्याला श्रम पडले नसते, असे सुचवण्याची आमची प्राज्ञा नाही. लग्नात लोडाला, बाजारात पपईला, बारशाला पाळण्यातल्या गादीला हा अंगठा लागतोच. आमचे थोरले काका पाय सुजून अंथरुणास खिळले असता बापूरावांनी पांघरूण सारून घोट्यापाशी अंगठा दाबला आणि ‘खळगा भरून येत नाही’ असा शेरा मारला. आम्ही शरमेने अर्धमेले झालो. तोच डॉक्टर आले आणि त्यांनीही नेमके तेच केले. वैद्यकशास्त्राविषयी बापूरावांचे मत त्या दिवसापासून पुष्कळच निवळले आहे.

माझा एक सहा टायरी ट्रक कोल्हापूरचा गूळ पुण्यास नेतो. त्याचे सहाही टायर गोटा झाले, तेव्हा पुढे दोन नवे नायलॉन आणि मागे चार रिमोल्ड, असा स्वस्ताचा बेत मी गुपचूप आखला होता. सकाळी दहाला दुकानात शिरलो, तर बापूराव आधीच टायरांच्या चळतीवर बसून चहा पीत होते.

पुढची कैफियत सायंकाळी सातपर्यंत चालली. नायलॉनची कूस कठीण. दगडाचा मार आणि जास्तीचा बोजा ती मुकाट्याने सोसते, परंतु टायर तापतो. रेडियलची कूस मऊ, नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा. म्हणून तो जमिनीशी सपाट बसतो, कमी तापतो, अधिक पळतो आणि धक्काही कमी देतो. मात्र कुशीला चीर पडली की मालकाच्या काळजालाही पडते. मागच्या जोडचाकांत एक टायर उंच आणि दुसरा बुटका असेल तर सारा भार उंचाच्याच माथी, हे त्यांनी सुतळीने मोजून दाखवले. मी ‘आराम हवा कोणाला? टिकाऊपणा पाहा’ म्हणालो, तेव्हा १८८८ साली डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते मुळात पोराच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणूनच, हे त्यांनी अशा करारी स्वरात सांगितले, जणू बेलफास्टचे ते दप्तर यांच्याच ताब्यात होते. दुकानदाराने पाचवा चहा मागवला.

मग ते एकाएकी माझ्याकडे पाठ फिरवून, दाराशी उकिडव्या बसलेल्या माझ्या ड्रायव्हरकडे वळले.

“ठणका कुठं लागतो रे? कंबरेत का मानेत?”

“कंबरेत, काका. भरल्या गाडीला नाही, खाली गाडी परत आणताना. लई उडती.”

“खाली गाडीला हवा किती ठेवतोस?”

“भरल्या गाडीला तेवढीच.”

बापूरावांनी मान हलवली; आणि काय आश्चर्य, अंगठा कोठेही लावला नाही. हा माणूस अकरा वर्षे माझी गाडी चालवतो. डिझेलचा, टोलचा, गुळाच्या प्रत्येक ढेपेचा हिशेब मी त्याच्याकडून चोख घेतला आहे. त्याला कंबर आहे ही बाब माझ्या दप्तरात कोठेही दाखल नव्हती. सहाही टायर रेडियल घेतले. किंमत येथे लिहीत नाही, कारण हे लिखाण घरात वाचले जाते.

बापूरावांविषयी माझे मत फारसे बदललेले नाही. ते चिकट आहेत, वेळखाऊ आहेत आणि दुसऱ्याच्या पैशाने फार उदार आहेत. अलीकडे त्यांचा तो अंगठा थोडा कापतो. नख नक्षीत एका प्रयत्नात बसत नाही, तेव्हा दुकानदार हलकेच टायर त्यांच्याकडे कलता करतो आणि आम्ही सारे रस्त्याकडे पाहू लागतो.

काल रात्री उंब्रजजवळ स्टेपनी फाटली. मी कोणाला बोललेलो नाही. आत्ता सकाळचे सात वाजले आहेत, आणि बाहेर सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला आहे.